पावसाळी साठवण आणि बुरशीची जनुके

मृग नक्षत्र लागण्यापूर्वी गोमंतकातील घराघरांत एक निराळीच लगबग चाललेली असते. पावसाच्या चार महिन्यांसाठी तांदूळ, कडधान्ये, सुकी मिरची, आमसुले, चिंच, मीठ, सुकी मासळी आणि खोबरे यांची बेगमी करून ठेवावी लागते. या बेगमीला आपल्याकडे 'पुरुमेंत' म्हणतात. शब्द पोर्तुगीज भाषेतून आलेला आहे; प्रथा मात्र या भूमीच्या पावसाइतकीच जुनी असावी. गोव्यात वर्षाकाठी सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातील बहुतांश जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच कोसळतो. असा पाऊस लागून राहिला की घरात वाळलेले असे काही उरत नाही. चामड्याच्या चपलेवर पांढुरकी लव येते, भिंतीवर काळे ठिपके उमटतात आणि एखाद्या सकाळी माळ्यावरून काढलेल्या खोबऱ्याच्या वाटीत हिरवट-पिवळी भुकटी दिसते.

अशा वेळी आपण काय करतो? फडक्याने ती भुकटी पुसतो, वाटी उन्हात धरतो आणि खोबरे पुन्हा डब्यात टाकतो. फारच खराब झाले असेल तर ते घाण्यावर तेलासाठी पाठवितो. काळवंडलेले शेंगदाणे गुरांच्या पुढे जातात. "वरची बुरशी काढली की झाले" ही समजूत पेडण्यापासून डिचोलीपर्यंत, किंबहुना साऱ्या कोकणपट्टीत रूढ आहे. ही समजूत कितपत खरी आहे? याचे उत्तर गेल्या काही दशकांत शास्त्रज्ञांनी थेट बुरशीच्या जनुकांमध्ये शोधून काढले आहे. प्रस्तुत लेखकाचा अभ्यासविषय विज्ञान नव्हे. तथापि हे उत्तर प्रत्येक घराच्या स्वयंपाकघराशी आणि गोठ्याशी निगडित असल्याने ते सोप्या शब्दांत वाचकांपुढे ठेवणे अगत्याचे वाटते.

बुरशी म्हणजे काय?

बुरशी ही वनस्पती नव्हे आणि प्राणीही नव्हे. तिच्यात हरितद्रव्य नसल्यामुळे तिला स्वतःचे अन्न तयार करता येत नाही. ती दुसऱ्याच्या अन्नावर वाढते. तिचे खरे शरीर म्हणजे डोळ्यांना सहसा न दिसणारे, कोळ्याच्या जाळ्याहूनही सूक्ष्म असे तंतू होत. हे तंतू अन्नाच्या आत शिरतात, पाचक रस सोडतात आणि विरघळलेले अन्न शोषून घेतात. पुरेशी वाढ झाली की तंतूंच्या टोकांवर असंख्य बीजाणू धरतात. आपल्याला दिसते ती हिरवी, काळी किंवा पिवळी भुकटी म्हणजे हे बीजाणू.

गोमंतकीयांना बुरशी अपरिचित मुळीच नाही. पावसाळ्यात वारुळांवर उगवणारी आणि रस्त्याकाठी चढ्या भावाने विकली जाणारी रोयणीची अळमी ही बुरशीचीच फळे आहेत. गोवा विद्यापीठात डॉ. डी. जे. भट यांनी पश्चिम घाटातील पालापाचोळ्यावर वाढणाऱ्या सूक्ष्म बुरशांचा दीर्घकाळ अभ्यास केला. त्याच विद्यापीठातील संशोधकांनी गोव्याच्या मिठागरांतून आणि खारफुटीतून तीव्र खारेपणा सहन करणाऱ्या बुरशाही वेगळ्या काढल्या आहेत. आपल्या शेजारच्या मालवणात १८८४ साली जन्मलेले वनस्पतिशास्त्रज्ञ शंकर पुरुषोत्तम आघारकर यांनी १९४६ साली पुण्यात महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीची उभारणी केली. आज त्यांच्याच नावाने चालणाऱ्या त्या संस्थेत देशभरातील बुरशांचा राष्ट्रीय संग्रह जतन केलेला आहे. सारांश, बुरशी सगळीच घातक नसते. प्रश्न आहे तो कोणती बुरशी, केव्हा आणि काय निर्माण करते याचा.

रंग कोठून येतो?

प्रत्येक सजीवाच्या पेशीत त्याच्या घडणीच्या सूचना लिहिलेल्या असतात. यांपैकी एका कामाची एक सूचना म्हणजे एक जनुक असे ढोबळमानाने म्हणता येईल. जनुकाच्या सूचनेनुसार पेशीत एक विशिष्ट प्रथिन तयार होते आणि ते प्रथिन एका कारागिराप्रमाणे आपले नेमून दिलेले काम पार पाडते.

बुरशीच्या रंगामागील जनुकांचा उलगडा 'अ‍ॅस्परजिलस निड्युलन्स' या प्रयोगशाळेत सहज वाढणाऱ्या बुरशीमुळे झाला. मूळचे इटलीचे आणि पुढे ग्लासगो येथे कार्य केलेले शास्त्रज्ञ ग्विदो पॉन्टेकोर्व्हो यांनी १९५३ साली या बुरशीच्या आनुवंशिकतेवर सविस्तर लेखन प्रसिद्ध केले. ही बुरशी स्वभावतः हिरवी असते. परंतु तिचे एक विशिष्ट जनुक बिघडले तर बीजाणू पांढरे निपजतात आणि दुसरे एक बिघडले तर ते पिवळे राहतात. यावरून एक गोष्ट स्पष्ट झाली. हिरवा रंग एकदम तयार होत नाही. पहिला कारागीर पिवळे द्रव्य घडवितो आणि दुसरा त्या पिवळ्याचे हिरव्यात रूपांतर करतो. पहिलाच गैरहजर असेल तर दुसऱ्याच्या हाती काही येत नाही आणि बीजाणू पांढरेच राहतात.

हा रंग केवळ शोभेसाठी नसतो. वाऱ्यावर उडणाऱ्या बीजाणूला उन्हातील अतिनील किरणांपासून संरक्षण हवे असते. ते त्याला या रंगद्रव्यामुळे लाभते.

औषध आणि विष : दुय्यम द्रव्ये

सजीवाला जगण्यासाठी शर्करा, प्रथिने, स्निग्ध पदार्थ अशी द्रव्ये अत्यावश्यक असतात. त्यांना प्राथमिक द्रव्ये म्हणतात. याखेरीज बुरशी अशीही काही द्रव्ये घडविते की ज्यांच्यावाचून तिची वाढ अडत नाही, परंतु शत्रूला दूर ठेवण्यास वा प्रतिकूल परिस्थितीत टिकून राहण्यास ती उपयोगी पडतात. ही दुय्यम द्रव्ये होत. अनेक रंगद्रव्ये, अनेक प्रतिजैविके आणि अनेक विषे याच वर्गात मोडतात.

पेनिसिलिन हे त्याचे सर्वांत ठळक उदाहरण. महाराष्ट्रातील पिंपरी येथे १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला आणि देशात पेनिसिलिन तयार होऊ लागले. पेनिसिलिन देणाऱ्या बुरशीच्या सुरुवातीच्या वाणांतून औषधाबरोबर एक पिवळे रंगद्रव्यही पाझरत असे आणि औषध शुद्ध करताना ते अडचणीचे ठरे. अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठात रंग न सोडणारा वाण निवडून काढण्यात आला. त्यात पिवळा रंग गेला, पेनिसिलिन मात्र राहिले. रंग घडविणारी जनुके वेगळी आणि औषध घडविणारी जनुके वेगळी, हे या निवडीने व्यवहारात सिद्ध झाले. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी, कारण खोबऱ्यावरील हिरव्या बुरशीच्या बाबतीत तीच कळीची ठरते.

१९७४ सालचा धडा

खोबरे, शेंगदाणे, मका, मिरची यांवर वाढणारी हिरवट-पिवळी बुरशी पुष्कळदा 'अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस' ही असते. १९६० साली इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्षी अल्पावधीत मृत्युमुखी पडले. शोध घेता त्यांच्या खाद्यातील ब्राझीलहून आलेल्या भुईमुगाच्या पेंडीत या बुरशीचे विष आढळले. बुरशीच्याच नावावरून त्या विषाला 'अफ्लाटॉक्सिन' असे नाव पडले.

हे संकट केवळ पक्ष्यांपुरते नव्हते, याचा प्रत्यय आपल्याच देशात आला. १९७४ सालच्या अखेरीस गुजरातमधील पंचमहाल आणि राजस्थानातील बांसवाडा या लगतच्या जिल्ह्यांतील आदिवासी गावांत कावीळ आणि पोटात पाणी होणे अशी लक्षणे असलेली साथ उद्भवली. तपासणी झालेल्या ३९७ रुग्णांपैकी १०६ दगावले. गावांतील कुत्रीही याच लक्षणांनी मेली. अवकाळी पावसात भिजलेला आणि नीट न वाळविता साठविलेला मका हे त्याचे कारण ठरले. त्या मक्यावर बुरशी आली होती. परंतु घरात दुसरे धान्य नव्हते.

एकदम मोठ्या प्रमाणात पोटात गेलेले अफ्लाटॉक्सिन असे तत्काळ घात करते. थोड्या प्रमाणात वर्षानुवर्षे जात राहिलेले अफ्लाटॉक्सिन यकृताच्या कर्करोगास कारणीभूत होते. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने ते निश्चितपणे कर्करोगकारक अशा पहिल्या वर्गात घातले आहे. ज्यांना यकृतदाह-ब या विषाणूचा संसर्ग आहे अशा व्यक्तींना तर हा धोका कित्येक पटींनी अधिक असतो.

केशरी बुरशीने दाखविलेली वाट

हे विष बुरशी कसे तयार करते, याचा धागाही एका रंगानेच हाती दिला. अफ्लाटॉक्सिन स्वतः साध्या प्रकाशात आणि अन्नात असते तेवढ्या अल्प प्रमाणात डोळ्यांना दिसत नाही. परंतु १९७० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत अमेरिकन संशोधकांना प्रयोगशाळेत या बुरशीच्या 'अ‍ॅस्परजिलस पॅरासिटिकस' नामक जवळच्या भावंडाचा एक बिघडलेला वाण मिळाला. त्याचे तंतू केशरी-तांबूस दिसत आणि त्यात विष फारच थोडे बने. त्या केशरी द्रव्याचे नाव नॉरसोलोरिनिक आम्ल.

याचा अर्थ एखाद्या मागावरील कामाच्या दृष्टान्ताने स्पष्ट होईल. सूत काढणारा, रंगविणारा, विणणारा असे कारागीर ओळीने बसले असता मधला एक गैरहजर राहिला, तर त्याच्या अलीकडे अर्धवट मालाचा ढीग साचतो. केशरी द्रव्य हा असाच अर्धवट माल होता. त्यापुढील कारागीर घडविणारे जनुक निकामी झाल्यामुळे तो साचून राहिला होता. हे जनुक १९९२ साली शास्त्रज्ञांनी प्रत्यक्ष वेगळे काढले. मग त्याच्या मागची आणि पुढची जनुके सापडत गेली. २००४ सालापर्यंत संपूर्ण चित्र हाती आले. अफ्लाटॉक्सिन तयार करणारी सुमारे पंचवीस जनुके बुरशीच्या एका गुणसूत्राच्या टोकाजवळ, सुमारे ७० हजार अक्षरांच्या पट्ट्यात, एकमेकांना लागून बसलेली आहेत.

अशा जनुकांच्या जथ्याला 'जनुकसमूह' म्हणता येईल. पेनिसिलिनची मुख्य तीन जनुकेही अशीच शेजारी-शेजारी असतात. अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हसच्या एकूण जनुकसंचात दुय्यम द्रव्यांचे असे पन्नासाहून अधिक समूह असल्याचे दिसून आले आहे. बीजाणूंच्या हिरव्या रंगासाठी लागणारी जनुके मात्र विषाच्या या समूहात नाहीत. रंग आणि विष या दोहोंची सुरुवात एकाच जातीच्या साध्या रासायनिक घटकांपासून होते. परंतु त्यांचे कारागीर निराळे आहेत.

कळ कोण दाबतो?

विषाची जनुके बुरशीत असली म्हणजे विष सदैव तयार होतेच असे नाही. समूहातील एक जनुक मुकादमाचे काम करते. ते जागे झाले की त्याचे प्रथिन इतर जनुकांना कामाला लावते आणि ते निद्रिस्त असेल तर सारा जथा स्वस्थ राहतो. या मुकादमावरही एक वरिष्ठ असतो. 'लेइ-ए' या नावाचे हे नियंत्रक जनुक २००४ साली उजेडात आले. ते निकामी केले असता बुरशीची अनेक दुय्यम द्रव्ये एकदम मंदावतात. २००८ साली असेही दिसून आले की, अ‍ॅस्परजिलस निड्युलन्समध्ये या नियंत्रकाची प्रकाशाशी संबंधित प्रथिनांबरोबर जोड असते आणि अंधारात ही जोडणी पेशीच्या केंद्रात कार्यरत होते.

म्हणजे बुरशी भोवतालची परिस्थिती पाहून निर्णय घेते. अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस सुमारे ३७ अंश सेल्सिअस तापमानात उत्तम वाढते. पण विष सर्वाधिक तयार होते ते २८ ते ३० अंशांच्या आसपास. गोव्यातील पावसाळी दिवसाचे तापमान साधारण हेच असते. त्याला दमटपणाची आणि स्निग्ध व पिष्टमय अन्नाची जोड मिळाली की कळ दाबली जाण्यास लागणारी सर्व सामग्री सिद्ध होते. तापमान आपल्या हाती नाही. हवेतील बीजाणूही आपल्याला थोपविता येत नाहीत. धान्यातील पाणी मात्र सर्वस्वी आपल्या हाती आहे, आणि पुरेशा पाण्यावाचून बुरशी वाढत नाही व तिची जनुकेही जागी होत नाहीत.

रंग पुसला म्हणजे विष गेले काय?

आता आरंभीच्या प्रश्नाकडे वळू. वाटीवरची हिरवी भुकटी पुसली असता केवळ बीजाणू जातात. तंतू खोबऱ्याच्या आत शिरलेले असतात आणि त्यांनी सोडलेले विष तेथेच राहते. रंगाची जनुके आणि विषाची जनुके वेगवेगळी असल्यामुळे हिरवा रंग हा विषाचा पुरावा नव्हे आणि रंगाचा अभाव ही निर्धोकपणाची हमी नव्हे. प्रयोगशाळेत पांढरे बीजाणू धरणारे वाणही विष तयार करताना आढळले आहेत. उलट निसर्गात पूर्णतः हिरवे असूनही विष न करणारे वाण आहेत. यास्तव डोळ्यांनी निवाडा करणे शक्य नाही. बुरशी दिसली म्हणजे संशय घ्यावा, एवढेच रंग आपल्याला सांगू शकतो.

घरगुती शिजविण्याने वा भाजण्याने हे विष पूर्णपणे नष्ट होत नाही. घाण्यावर काढलेल्या तेलात ते काही अंशी उतरते आणि पेंडीत त्याहून अधिक उरते. ती पेंड दुभत्या जनावराने खाल्ली की विषाचे रूपांतरित स्वरूप दुधात येते. म्हणून भारतीय कायद्याने एक किलोग्रॅम दुधात या द्रव्याची कमाल मर्यादा अर्धा मायक्रोग्रॅम, म्हणजे एका ग्रॅमच्या दहा लाखाव्या भागाचाही निम्मा, इतकी अल्प ठेवली आहे. माणसाने खाण्यास नाकारलेले शेंगदाणे गुरांना घातले असता ते दुधावाटे घरातील लहान मुलापर्यंत परत येऊ शकतात, ही गोष्ट गोपालकांनी विसरू नये.

घरी आणि खळ्यावर काय करावे?

मांद्रे, मोरजी, हरमल या किनारपट्टीतील गावांपासून मये, नार्वे, साखळीच्या कुळागरांपर्यंत नारळ हे घरोघरचे पीक आहे. ताज्या खोबऱ्यात सुमारे निम्मे पाणी असते. सुके खोबरे सुरक्षित राहण्यासाठी ते ६ टक्क्यांपर्यंत उतरवावे लागते. त्यासाठी पूर्ण पक्व नारळ निवडावेत. फोडल्यावर त्याच दिवशी, विनाविलंब वाळविण्यास आरंभ करावा. कारण ओल्या वाटीवर बुरशी बसण्यास पहिला दिवस पुरेसा होतो. वाट्या मातीवर न पसरता स्वच्छ ताडपत्रीवर वा उंच मांडवावर पसराव्यात आणि रात्री दव पडण्यापूर्वी झाकाव्यात. ढगाळ हवामानात वाळवणयंत्राचा उपयोग करावा. अनेक कुटुंबांनी मिळून असे एक यंत्र चालविणे सोयीचे असते.

वायंगणी हंगामात भुईमूग घेणाऱ्यांनी शेवटच्या दिवसांत पिकाला पाण्याचा ताण पडू देऊ नये. कारण तहानलेल्या पिकाच्या शेंगांत बुरशी जमिनीतच शिरते. शेंगा हलविल्या असता आत दाणे खुळखुळू लागेपर्यंत वाळवाव्यात. फोडण्यास सोपे जावे म्हणून शेंगांवर पाणी शिंपडण्याची पद्धत सर्वथा त्याज्य आहे. सुरकुतलेले, किडलेले, फुटके आणि रंग बदललेले दाणे निवडून बाजूला काढावेत आणि ते गुरांना न घालता नष्ट करावेत. भाताची ओल १४ टक्क्यांच्या खाली आल्याशिवाय ते कणगीत भरू नये. पोती भिंतीला टेकवून वा थेट जमिनीवर न ठेवता लाकडी फळ्यांवर रचावीत. गतवर्षीचे धान्य नव्या धान्यात मिसळू नये. पावसाळ्यात लख्ख ऊन पडेल त्या दिवशी डबे उघडून पाहण्याची आपल्या आजींची सवय शास्त्रशुद्ध होती, असेच आता म्हणावे लागते.

याबाबत अधिक मार्गदर्शनासाठी पेडणे व डिचोली येथील विभागीय कृषी कार्यालयांशी, तसेच जुने गोवे येथील कृषी विज्ञान केंद्राशी शेतकऱ्यांनी संपर्क साधावा.

निरुपद्रवी भावंडे

जनुकांच्या या ज्ञानाचा उपयोग आता प्रतिबंधासाठीही होऊ लागला आहे. जपानमध्ये सोयाबीनचा रस्सा आणि तांदळाचे मद्य आंबविण्यासाठी पिढ्यान् पिढ्या वापरली जाणारी 'अ‍ॅस्परजिलस ओरायझी' ही बुरशी फ्लेव्हसचे अगदी जवळचे भावंड आहे. मात्र तिच्यातील विषाचा जनुकसमूह निकामी झालेला आहे. फ्लेव्हसमध्येही असे वाण निसर्गतः आढळतात. त्यांपैकी एकात संपूर्ण समूहच गळून गेलेला आहे, तर दुसऱ्यात आरंभीच्या जनुकात एकच दोष आहे. अमेरिकेत आणि आफ्रिकेतील काही देशांत असे निर्विष वाण शेतात मुद्दाम पसरविले जातात. ते जागा व अन्न व्यापतात आणि विषारी वाणांना वाव उरत नाही. हैदराबादजवळील पाटणचेरू येथील 'इक्रिसॅट' या संस्थेच्या शास्त्रज्ञांनी परदेशी सहकाऱ्यांसह असा प्रायोगिक भुईमूगही तयार केला आहे, की ज्याच्या दाण्यात शिरलेल्या बुरशीची विषजनुके गप्प केली जातात. हे संशोधन २०१७ साली प्रसिद्ध झाले.

हे उपाय आपल्या गावापर्यंत येतील तेव्हा येतील. तोवर बुरशीचे विषजनुक निद्रिस्त ठेवण्याचा खात्रीचा उपाय प्रत्येक घराच्या अंगणात उपलब्ध आहे. तो म्हणजे मे महिन्यातील कडक ऊन आणि माल पूर्ण वाळेपर्यंत धीर धरण्याची तयारी. यंदाचा पुरुमेंत भरताना प्रत्येक गृहिणीने आणि शेतकरी बांधवाने खोबऱ्याची वाटी डब्यात टाकण्यापूर्वी ती खरोखर वाळली आहे ना, एवढे पाहावे. आणि पावसात तिच्यावर बुरशी दिसलीच, तर ती पुसण्यासाठी फडके न घेता वाटीच टाकून द्यावी. एका वाटीचे नुकसान कुटुंबाच्या आरोग्यापुढे काहीच नाही.